महिपत भावोजींची टर्बो

माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाने दोन मंगळसूत्रं आणली होती. एक घालायला, आणि एक, पहिलं ऐन वेळी तुटलं तर. भटजींनी विचारलं, "हे दुसरं कुणासाठी?" आणि अख्खा मांडव माझ्याकडे बघून हसला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्या दिवशी मला महिपत भावोजींचा जो राग आला तो पुढे सदतीस वर्षं कमी-जास्त होत राहिला, पण पुरता कधी गेला नाही.

भावोजी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात होते, आणि त्यातही 'प्रिव्हेंटिव्ह'. म्हणजे मशीन बिघडल्यावर धावत जाणारे लोक वेगळे. भावोजी मशीन चांगलं चालू असताना जाऊन ते बंद करायचे, उघडायचे आणि त्यात काय बिघडणार आहे ते शोधत बसायचे. कामगार त्यांना बघितलं की चहाला जायचे. तेहतीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि त्यांच्या मते त्या कारखान्यात एकही मोठा बिघाड झाला नाही. आता जो बिघाड झालाच नाही तो कुणामुळे झाला नाही, हे कोण सिद्ध करणार? भावोजी करायचे. तासन्‌तास करायचे.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. भावोजी वर्तकनगरच्या घरात येऊन बसले आणि त्यांनी घरालाच मेंटेनन्स सुरू केला. चालता पंखा उतरवून त्याचा कंडेन्सर बदलला. चपलेचा अंगठा तुटायच्या आधी शिवून आणला. टूथब्रशवर मार्करने तारीख लिहिली. एकदा दुपारी शेवंतीताई झोपलेली असताना तिच्या चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू त्यांनी असे काही आवळले की ती उठल्यावर चष्मा उघडेचना. चार वाजेपर्यंत ती मिटलेला चष्मा नाकाशी धरून स्वयंपाकघरात फिरत होती. मी फोनवर हसले तर तिने मलाच झापलं.

"अगं, काळजीने करतात," ताई म्हणाली.

काळजी! पण पंखा, चष्मा हे सगळं वरवरचं. त्यांचा खरा जीव अडकला होता गाडीत.

ही गाडी म्हणजे एक पांढरी डिझेल गाडी. पांढरी होती असं आपण म्हणूया, आता ती सायीच्या रंगाची आहे. भावोजींनी ती अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतली तेव्हाच ती लाखभर किलोमीटर पळालेली होती. आता काटा दोन लाख त्र्याण्णव हजारांवर होता. आणि ती टर्बो होती. मला गाड्यांतलं काही कळत नाही, मी डोंबिवलीच्या शाळेत इतिहास शिकवते, पण हा टर्बो मला इतक्या वेळा समजावला गेलाय की मी आता त्यावर धडा घेऊ शकेन. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटासा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. हा पंखा मिनिटाला लाखभर गिरक्या घेतो आणि लालभडक तापतो. त्याला थंड ठेवतं ते ऑइल. गाडी पळवून आणली आणि चटकन चावी फिरवली, की ऑइल थांबतं, पंखा मात्र तापलेलाच राहतो, आणि असं रोज केलं तर एक दिवस तो जातो.

म्हणून गाडी थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं. "दम खाऊ दे तिला," भावोजी म्हणायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे. ती दोन मिनिटं गाडीतल्या कुणीही उतरायचं नाही, कारण दार उघडलं की त्यांचं लक्ष विचलित होतं. आमच्या मामंजींना घेऊन आम्ही इस्पितळात गेलो तेव्हाही दोन मिनिटं. एकदा आंबिवलीला एका घरी समाचाराला गेलो, तर ते लोक हात जोडून दारात उभे आणि आम्ही पाचजण बंद काचांआड त्यांच्याकडे बघत बसलेलो. नाक्यावर हवालदाराने एकदा "गाडी बंद करा" म्हटलं, तर त्यालाही त्यांनी टर्बो समजावला. हवालदाराने शेवटी हात जोडले.

गाडीच्या कप्प्यात एक कार्ड असायचं, कारखान्यातल्यासारखं. ऑइल, पाणी, बेल्ट, होस पाइप, फिल्टर, प्रत्येकापुढे तारीख, किलोमीटर आणि दोन सह्या. 'करणारा' म्हणून भावोजी आणि 'तपासणारा' म्हणून शेवंतीताई. दर रविवारी सकाळी सातला ती गाऊनवर ओढणी घेऊन खाली यायची, हातात टॉर्च धरून उभी राहायची आणि सही करायची. ऑइल किती आहे ते दाखवणारी, वर-खाली दोन खुणांची कांडी बाहेर काढली की तीच बघायची. "खालच्या खुणेला गेलं तर संपलं सगळं," हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की ती माझ्या घरी आली तरी तेलाच्या बरणीकडे काळजीने बघायची.

त्यांचा मेकॅनिक राजरत्न हा मात्र सज्जन माणूस. वर्तकनगरातच त्याचं छोटं गॅरेज आहे. एकदा मी भावोजींबरोबर तिथे गेलेले.

"बेल्ट बदल," भावोजी म्हणाले.

"काका, गेल्या वर्षीच टाकलाय. नवीन आहे अजून."

"नवीन आहे तोवरच बदलायचा. तुटल्यावर कुणीही बदलेल, त्यात काय अक्कल लागते?"

राजरत्नने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. त्याने बेल्ट बदलला आणि जुना नवीन बेल्ट काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावला. तिथे भावोजींच्या गाडीचे असे सहा चांगले बेल्ट लटकत होते.

हे सगळं संदेशला, म्हणजे त्यांच्या मुलाला, अजिबात पसंत नव्हतं. संदेश घोडबंदर रोडला राहतो, चांगल्या नोकरीत आहे, स्वभावाने गरम आहे. आईवर गेला नाही आणि बापावरही गेला नाही, माझ्यावर गेलाय असं ताई म्हणते. मार्चमध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. पुढे चालवायची तर आरटीओत नेऊन पुन्हा नोंदणी करायची, नाहीतर भंगारात द्यायची. भाऊबीजेला सगळे आमच्याकडे डोंबिवलीला जमले होते, तिथे त्याने विषय काढला.

"बाबा, बस झालं आता. शिळफाट्यावर गाडी बंद पडली तर काय कराल? आईचे गुडघे बघा. ती धक्का मारणार?"

"बंद पडणार नाही."

"पडली तर?"

"अकरा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही."

"म्हणून आता पडेल!"

भावोजींनी हातातला अनारसा खाली ठेवला. हा मोठा अपमान होता. त्यांनी आयुष्यभर जे केलं त्यावरच पोराने बोट ठेवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मार्चपर्यंत एकदा जरी बंद पडली, तर मी स्वतःच्या हाताने तुला चावी देईन. दे भंगारात. पण नाही पडली, तर आरटीओत तू जायचंस, रांगेत तू उभं राहायचंस आणि पुन्हा भंगार हा शब्द काढायचा नाही."

"चालेल."

दोघांनी हात मिळवले. ताईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले, आणि मग मलाही त्या डबड्याबद्दल उगाच वाईट वाटलं.

त्यानंतरचे चार महिने भावोजींनी गाडीला जे काय केलं ते विचारू नका. होस पाइप सगळे नवे. ऑइल पाच हजार किलोमीटरऐवजी तीन हजारांवर. हवेचा फिल्टर दर आठवड्याला काढून झटकायचा. राजरत्न एकदा मला रस्त्यात भेटला तर म्हणाला, "ताई, गाडीत आता जुनं असं फक्त काका राहिलेत."

आणि माझ्या मुलीचं, ऐश्वर्याचं, लग्न फेब्रुवारीत ठरलं. हॉल कल्याणला, मुलाकडचे आंबिवलीचे. नवरीला न्यायला मी चांगली मोठी गाडी सांगणार होते, तर ही बया म्हणाली, "मी काकांच्याच गाडीतून जाणार." दहावीच्या परीक्षेला ती त्याच गाडीतून गेली होती, कॉलेजच्या प्रवेशालाही त्याच गाडीतून. मी खूप आदळआपट केली. भर लग्नात ती गाडी बंद पडली तर तमाशा होईल, आणि संदेशची अट आहे ती वेगळीच, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच जायचंय." आता याला काय म्हणणार?

लग्नाच्या आदल्या दिवशी भावोजी आणि ताई गाडी घेऊन आमच्याकडे आले. डिकीत ऑइलचे एकेक लिटरचे चार डबे होते. सकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात गाडीला झेंडूच्या माळा लागत होत्या. फुलवाला आत-बाहेर करत होता म्हणून गाडी उघडीच होती. भावोजींनी कांडी काढून बघितली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला होतं.

"शुभकार्य आहे," ते मला म्हणाले, "अर्धा लिटर जास्तच असू दे." आणि त्यांनी ते ओतलं. इतकी वर्षं खुणेवर जगलेला माणूस त्या दिवशी भावुक झाला होता. मग ते आंघोळीला गेले, मग फेटा बांधायला बसले. फेटा बांधणाऱ्याने तासभर घेतला, कारण भावोजी त्याला गाठ कुठे सैल पडू शकते ते सांगत होते.

साडेदहाला निघालो. भावोजी चालवायला, मी पुढे, मागे ऐश्वर्या आणि ताई. संदेश त्याच्या नव्या गाडीतून आमच्या मागे. ठाकुर्ली ओलांडली तेव्हाच गाडी जरा वेगळी चालतेय असं भावोजी म्हणाले. "आज जोरात आहे," ते खुशीत म्हणाले. पत्री पुलाच्या चढावर मागून संदेशने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. तो थांबेचना. भावोजींना वाटलं पोरगं आनंदाने वाजवतंय. त्यांनीही दोनदा वाजवला. मी मागे वळून बघितलं तर संदेशची गाडी दिसतच नव्हती. आमच्या मागे नुसता पांढरा धूर होता.

"भावोजी, धूर येतोय."

"थंडी आहे सकाळची."

अकरा वाजले होते. मी गळ्यापर्यंत घामाने भिजले होते.

हॉलच्या दारात पोचलो. बँड सुरू झाला. मुलाकडच्या बायका ताम्हण घेऊन पुढे आल्या. आणि भावोजींनी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं! नवरी शालूत, दारात ओवाळायला माणसं, बँडवाले तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतायत आणि आम्ही आत बसलेलो. मी दात-ओठ खात होते. ऐश्वर्या मात्र शांत बसून हसत होती.

दोन मिनिटं झाली. भावोजींनी चावी फिरवली आणि काढून हातात घेतली.

इंजिन चालूच राहिलं.

त्यांनी चावीकडे बघितलं. पुन्हा घातली, पुन्हा फिरवली, पुन्हा काढली. इंजिन चालूच, आणि आता त्याचा आवाज आपोआप चढायला लागला. पायाखाली काही दाबलेलं नसताना गाडी किंचाळायला लागली. भावोजी नुसते म्हणाले, "हेमा, पोरीला घेऊन उतर. शेवंती, तूपण." त्यांनी काही समजावून सांगितलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

आम्ही उतरलो आणि मागून धुराचा एवढा मोठा लोट आला की हॉलचं दार त्यात गडप झालं. तेवढ्यात डीजेवाल्याला वाटलं हीच नवरीची एन्ट्री. त्याने सनई बंद करून धाडधाड गाणं लावलं. फोटोवाला ओरडला, "मॅडम, मस्त! मागे बघू नका, हळू चाला!" धुरातून माझी ऐश्वर्या शालू सावरत बाहेर आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आंबिवलीची एक मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "विहीणबाई, धुराचं मशीन कुठून मागवलंत हो?"

"वर्तकनगरहून," मी म्हटलं आणि ऐश्वर्याला आमच्या ह्यांच्या हातात सोपवून उलटी पळाले.

संदेश गाडीच्या खिडकीशी होता. इंजिनाचा आवाज असा की दोघेही ओरडून बोलत होते.

"बाबा, बंद करा ना!"

"चावी हातात आहे माझ्या! ऑइल वर चढलंय. तेच पितेय ती, डिझेल नकोच आहे तिला आता!"

"मग थांबणार कशी?"

"थांबणार नाही. ऑइल संपेपर्यंत चालेल, नाहीतर इंजिन फुटेल."

"काहीच करता येत नाही?"

"येतं. पाचवा गिअर टाकून, ब्रेकवर उभं राहून क्लच सोडला की बंद पडेल."

"मग पाडा बंद!"

भावोजींनी त्याच्याकडे बघितलं. फेटा एका कानावर आलेला, हात गिअरवर, आणि चेहरा इतका केविलवाणा की मला गलबलून आलं. त्या क्षणी मला कळलं ते कशाला थांबलेत. बंद पडली की संपलं. अट होती.

"बाबा, तुम्ही आहात आत! पाडा म्हणतो ना!" संदेशचा आवाज फाटला.

भावोजींनी डोळे मिटले, गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने असा हिसका दिला की बोनेटवरचे झेंडू उडून बँडवाल्यांवर पडले. समोरच्या कमानीला गाडीचं नाक टेकलं आणि थर्मोकोलचं 'सुस्वागतम्' खाली आलं. मग एकदम शांत झालं. आतून डीजे तेवढा ऐकू येत होता.

भावोजी उतरले. चावी संदेशच्या हातात ठेवली. "घे. शब्द दिला होता."

भावोजींनी बोनेट उघडलं, रुमालाने कांडी पुसली, घातली, काढली आणि बघतच राहिले. ऑइल खुणेच्या कितीतरी वर होतं, जवळजवळ अर्ध्या कांडीपर्यंत.

"हे कुणी केलं?"

ताई पुढे झाली. पैठणीच्या पदराखाली तिची बोटं काळी होती. "मी टाकला एक डबा. तुम्ही आंघोळीला गेलेलात तेव्हा. म्हटलं आज कमी पडायला नको. तुमची गाडी जायला नको."

"अगं, जास्त झालं तरी नाश होतो!"

"तुम्ही कधी सांगितलंत जास्त झालेलं चालत नाही म्हणून? कमीचंच सांगत आलात जन्मभर!"

हे खरं होतं. भावोजींनी मनात हिशोब केला असावा. "माझं अर्धा लिटर, तुझं एक. तरी एवढं होत नाही. अजून एक लिटर कुणाचं?"

मी "माझं नाही" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात संदेश म्हणाला, "माझं."

"तुझं?"

"तुम्ही फेटा बांधत होतात तेव्हा."

"तुला तर ती भंगारात हवी होती."

"हवीच होती," संदेश जमिनीकडे बघत म्हणाला. "पण आज नको होती, बाबा. एवढ्या लोकांसमोर तुमची मान खाली जायला नको होती."

मी शाळेत तीस वर्षं पोरांपुढे बोलतेय, मला शब्द कमी पडत नाहीत. तिथे पडले. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती धुरावर ढकलली.

भावोजी बराच वेळ कांडी पुसत राहिले. मग म्हणाले, "ओतताना नरसाळं घेतलंस?"

"घेतलं."

"टोपण घट्ट लावलंस?"

"लावलं."

"बरं केलंस."

आतून भटजींनी माइकवर हाक मारली, मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती. भावोजींनी बोनेट लावलं आणि पाठ ताठ केली. "टर्बो गेलाय. इंजिन वाचलं असेल कदाचित. पण शब्द म्हणजे शब्द. भंगारवाल्याला फोन कर."

संदेशने मोबाइल काढला आणि तिथेच लावला. "राजरत्नभाऊ? संदेश बोलतोय, महिपतकाकांचा. बाबांच्या गाडीला टर्बो लागेल. हो, नवीनच. मार्चच्या आत बसला पाहिजे, मला आरटीओत न्यायचीय."

"अरे, मी भंगारवाल्याला म्हटलं होतं."

"चावी आता माझ्याकडे आहे, बाबा. गाडीचं काय करायचं ते मी बघतो."

भावोजींनी त्या ऑइलच्या रुमालाने आधी संदेशचे हात पुसले, मग स्वतःचे डोळे, आणि चेहऱ्यावर हा भला मोठा काळा पट्टा घेऊन अक्षता टाकायला उभे राहिले. मी तो पुसायला गेले तर ताईने माझा हात धरला. ऐश्वर्याच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत ते तसेच आहेत.